पटावरची पुरवठा साखळी : बिअर वितरण खेळाचा इतिहास

व्यवस्थापनशास्त्र शिकवण्यासाठी गेल्या सत्तर वर्षांत जे खेळ रचले गेले, त्यांपैकी बहुतेक काळाच्या ओघात विस्मरणात गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत १९६०च्या दशकाच्या आरंभी रूढ झालेला 'बिअर वितरण खेळ' मात्र टिकून राहिला आणि जगभरच्या व्यवस्थापन शाळांत पोचला. त्यात बिअर असते ती नावापुरतीच. पटावर सरकतात ती नाणी किंवा सोंगट्या, आणि एक नाणे म्हणजे बिअरची एक पेटी असे धरले जाते. कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवणाऱ्या व्यावसायिकांच्या मालिकेला पुरवठा साखळी म्हणतात; या साखळीत माल कधी तुटतो, कधी कुजत पडतो, आणि हे हेलकावे बाहेरून कोणी धक्का न देताही साखळीच्या रचनेतूनच कसे उपजतात, हे विद्यार्थ्याला तास-दीड तासात स्वतःच्या अनुभवाने कळावे, एवढाच या खेळाचा हेतू आहे. मात्र त्यामागची कल्पना मुळात व्यापाराच्या क्षेत्रातली नाही. ती यंत्रशास्त्रातून आलेली आहे.

एखाद्या क्रियेचा परिणाम फिरून त्याच क्रियेवर होतो, तेव्हा त्या वर्तुळाला प्रत्याभरण-चक्र किंवा इंग्रजीतून रुळलेल्या शब्दात फीडबॅक लूप म्हणतात. जेम्स वॉटने १७८८च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला जोडलेला नियामक हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे : इंजिनाचा वेग वाढला की फिरणारे गोळे बाहेर फेकले जातात, त्यांच्याशी जोडलेली झडप वाफ कमी सोडते, आणि वेग पुन्हा खाली येतो. असे नियामक कधी कधी इंजिनाला स्थिर करण्याऐवजी आलटून पालटून भरधाव आणि मंद करीत, याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली केले. दुरुस्तीचा परिणाम दिसायला वेळ लागत असेल आणि तरीही दुरुस्ती जोरात केली जात असेल, तर ती नेमकी चुकीच्या वेळी फळाला येते आणि मूळ दोष आवरण्याऐवजी बळावतो, हे विसाव्या शतकातल्या नियंत्रण-अभियांत्रिकीचे मूलभूत ज्ञान होते.

हे ज्ञान कारखानदारीच्या दारात आणणारा जे राइट फॉरेस्टर हा नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेला, १९१८ साली जन्मलेला विद्युत अभियंता होता. १९३९ साली तो एमआयटीत आला आणि तेथील सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत, म्हणजे तोफा आणि रडार यांना आपोआप लक्ष्याकडे वळवणारी यंत्रणा घडवणाऱ्या विभागात, गॉर्डन ब्राऊन यांच्या हाताखाली काम करू लागला. दुसऱ्या महायुद्धात 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू नौकेवरील अशाच एका प्रायोगिक यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी तो पर्ल हार्बरला गेला असता काम पुरे होण्याआधीच नौका मोहिमेवर निघाली आणि तिच्यावर पाणतीर आदळला तेव्हा फॉरेस्टर नौकेवरच होता. प्रयोगशाळेतल्या सिद्धान्ताला प्रत्यक्षाची कसोटी याहून अधिक शब्दशः क्वचितच लागली असेल. युद्धानंतर त्याने 'व्हर्लविंड' हा संगणक उभारला आणि त्यासाठी चुंबकीय कड्यांची स्मृती विकसित केली. अशा माणसाने १९५६ साली संगणकाचे क्षेत्र सोडून एमआयटीच्या चार वर्षांपूर्वीच स्थापन झालेल्या औद्योगिक व्यवस्थापन विद्यालयात यावे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही. हेच विद्यालय पुढे स्लोन स्कूल म्हणून प्रसिद्ध झाले.

तेथे त्याच्यासमोर जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एक कोडे मांडले. केंटकी राज्यातल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्यांत काम चाले, आणि काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. देशाच्या तेजी-मंदीकडे बोट दाखवून वेळ मारून नेता येत होती, पण ते स्पष्टीकरण खुद्द अधिकाऱ्यांनाच पुरेसे वाटत नव्हते. फॉरेस्टरने त्यांना माल किती शिल्लक असताना ते किती मागवतात आणि कामगार कशाच्या आधारावर घेतात किंवा काढतात, हे विचारून घेतले. मग एका वहीच्या पानावर साठा, कामगार आणि मागण्या यांचे रकाने आखून तो आठवड्यामागून आठवडा पेन्सिलीने आकडेमोड करीत गेला. बाहेरची मागणी जवळजवळ सारखी ठेवूनही रकान्यांतले आकडे वरखाली होत राहिले, कारण अस्थिरता अधिकाऱ्यांच्या निर्णयाच्या नियमांतच दडलेली होती. वहीच्या त्या पानातून सिस्टीम डायनॅमिक्स, म्हणजे प्रणालीच्या रचनेवरून तिचे काळानुरूप वर्तन काढण्याचे शास्त्र, जन्माला आले.

व्यापारातल्या या फुगवट्याची जाणीव त्याआधी कोणालाच नव्हती, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. थॉमस मिचेल या अर्थशास्त्रज्ञाने १९२४ सालीच दाखवले होते की माल अपुरा पडू लागला म्हणजे दुकानदार गरजेपेक्षा अधिक मागतात, एकाच मालाची मागणी अनेक पुरवठादारांकडे नोंदवतात, आणि उत्पादकाला ही खोटी गर्दी खरी वाटते. हर्बर्ट सायमनने १९५२ साली सर्व्होमेकॅनिझमचे गणित उत्पादन-नियंत्रणाला लावून पाहिले होते. फॉरेस्टरचे वेगळेपण असे की त्याने एकेका दुकानदाराचा किंवा एकेका कारखान्याचा विचार न करता संपूर्ण साखळी एकत्र मांडली, आणि गणिताची नेमकी उत्तरे शोधण्यापेक्षा संगणकावर तिची नक्कल, म्हणजे सिम्युलेशन, चालवून वर्तन पाहिले. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकातला १९५८चा त्याचा लेख आणि १९६१चा 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हा ग्रंथ यांत कारखाना, वितरक आणि किरकोळ विक्रेता अशी साखळी होती. त्यात किरकोळ विक्रीत अवघी १० टक्के वाढ झाली की कारखान्याच्या उत्पादनातली वाढ काही महिन्यांत तिच्या चौपटीहून पुढे जाई, आणि नंतर ते पूर्वपातळीकडे घसरे.

आकडे बिनचूक होते, पण आलेख पाहून व्यवहारातल्या माणसाचा स्वभाव बदलत नाही. आलेखातला वितरक मूर्ख आहे, आपण त्याच्या जागी असतो तर असे केले नसते, हे समाधान प्रत्येक वाचकाला उपलब्ध असते. ते हिरावून घ्यायचे तर वाचकाला त्या जागी बसवणे भाग होते. त्यासाठी वातावरणही अनुकूल होते. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच युद्धखेळ रुजले होते. रँड कॉर्पोरेशनने १९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी हवाई दलाच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर 'मोनोपोलॉग्ज' हा खेळ रचला होता. आणि अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने त्याच दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या साहाय्याने व्यवस्थापकांचा निर्णयखेळ सुरू केला होता. फॉरेस्टरच्या गटाने याच परंपरेतून आपली साखळी पटावर उतरवली. फ्रिज किंवा धुलाई यंत्र यांच्यापेक्षा बिअरने विद्यार्थ्यांचे लक्ष अधिक वेधून घेतले असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही.

खेळाची मांडणी अत्यंत साधी आहे. लांब टेबलावर पसरलेल्या पटावर किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चार घरे ओळीने असतात. प्रत्येक घरात आरंभी १२ पेट्यांचा साठा असतो. दोन घरांच्या मधल्या चौकटींत वाटेवरचा माल असतो, आणि तो दर आठवड्याला एकेक चौकट पुढे सरकतो. मागणी उलट दिशेने, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून, पालथी घालून पाठवली जाते, आणि तीही पोचायला वेळ घेते. मागणीची चिठ्ठी जाण्यास साधारण दोन आठवडे आणि माल येण्यास दोन आठवडे, असा एकूण चार आठवड्यांचा विलंब जमेस धरावा लागतो. गिऱ्हाइकाची मागणी पालथ्या पत्त्यांच्या गड्डीत असते, आणि ती फक्त किरकोळ विक्रेत्याला दिसते. आठवड्याची कामे पाच असून ती सर्व संघ एका तालात उरकतात : आलेला माल साठ्यात घेणे, आलेली मागणी पाहून माल पाठवणे, साठा किंवा थकलेली मागणी नोंदवणे, चिठ्ठ्या पुढे सरकवणे, आणि शेवटी नवी मागणी लिहिणे. पहिली चार कामे निव्वळ यांत्रिक आहेत. डोके चालवायचे ते पाचव्या कामात, म्हणजे चिठ्ठीवर एकच आकडा लिहिण्यात. शिल्लक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर आणि न पुरवलेल्या पेटीमागे एक डॉलर खर्च धरला जातो, आणि चौघांचा मिळून खर्च ज्या संघाचा कमी तो संघ जिंकतो. चौघे एकाच बाजूचे असतात, तरी त्यांना आपसात बोलण्याची मुभा नसते.

गिऱ्हाईक पहिले चार आठवडे ४ पेट्या मागते, पाचव्या आठवड्यात ८ मागते, आणि त्यानंतर अखेरपर्यंत ८च मागत राहते. संपूर्ण खेळात बाहेरून होणारा बदल एवढाच. तरीही या एका बदलाने काय घडते, ते समजण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागते. समजा, किरकोळ विक्रेत्याने बदल ओळखून त्याच क्षणी ८ पेट्या मागवल्या. त्या हाती यायला चार आठवडे लागणार. तोवर पूर्वी मागवलेल्या ४-४ पेट्याच येत राहणार, आणि ८-८ जात राहणार. म्हणजे चार आठवड्यांत १६ पेट्यांची तूट येऊन १२चा साठा संपेल आणि वर ४ पेट्या थकतील. साठा पुन्हा १२वर न्यायचा तर ८च्या नेहमीच्या मागणीशिवाय एकदाच १६ पेट्या जादा मागवाव्या लागतील. याचा अर्थ असा की अगदी शहाण्या विक्रेत्यालाही काही काळ गिऱ्हाइकापेक्षा अधिक मागणे प्राप्त आहे, आणि त्याची चिठ्ठी वाचणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला मागणी प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसणे अटळ आहे. इथवर दोष कोणाचाच नाही.

दोष सुरू होतो तो पुढे. १६ जादा पेट्या मागवल्यावर पुढच्या आठवड्यातही साठा रिकामाच दिसतो, कारण मागवलेला माल वाटेत आहे आणि आता वरचा व्यापारीही तुटीत असल्याने तो ठरल्या वेळी येईलच असे नाही. थकलेल्या मागणीचा आकडा डोळ्यांसमोर असतो, वाटेवरचा माल मात्र विसरला जातो; म्हणून खेळाडू पुन्हा १६ जादा मागवतो, त्यापुढच्या आठवड्यातही तेच करतो. चार आठवडे असे झाले, तर १६च्या जागी ६४ जादा पेट्यांची मागणी वर गेलेली असते, आणि वरचा प्रत्येक जण या फुगलेल्या आकड्यावर आपला फुगवटा चढवतो. काही आठवड्यांनी हा सारा माल एकामागून एक दारात येऊन पडतो. मग मागणी एकदम शून्यावर आणली जाते आणि दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याची पाळी येते. कारखान्याच्या जागी बसलेल्या खेळाडूला प्रथम पूर आणि मग कोरड एवढेच दिसते. गिऱ्हाईक दर आठवड्याला निमूटपणे ८ पेट्या घेत आहे, याचा त्याला पत्ताही नसतो. डाव संपल्यावर, गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख अंदाजाने काढा, असे सांगितले की वरच्या घरांतले बहुतेक खेळाडू मोठी लाट काढतात. पत्त्यांची गड्डी उलटून दाखवली जाते तो खेळातला सर्वांत परिणामकारक क्षण असतो, कारण तोवर प्रत्येकाने शेजाऱ्याला किंवा गिऱ्हाइकाला मनातल्या मनात शिव्या घालून झालेल्या असतात.

या खेळाला शास्त्रीय प्रयोगाचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय जॉन स्टर्मन यांचे आहे. एमआयटीच्या या प्राध्यापकांनी १९८४ साली खेळ घेण्याच्या सूचना पद्धतशीर लिहून काढल्या आणि १९८९ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात डावांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. चार वर्षांत जमवलेल्या ४८ डावांपैकी नोंदींत गफलत नसलेले ११ डाव, म्हणजे ४४ खेळाडू, त्यांनी निवडले. खेळाडूंना डाव ५० आठवडे चालेल असे सांगितले जाई आणि तो ३६व्या आठवड्यात थांबवला जाई, कारण शेवट जवळ आला हे कळले की माणूस साठा रिकामा करू लागतो आणि निष्कर्ष बिघडतात. त्या डावांत संघाचा सरासरी खर्च २,०२८ डॉलर आला. शिस्तीने मागणी करणाऱ्या एका साध्या नियमाने तोच खर्च २०४ डॉलरवर राहिला असता. गिऱ्हाइकाची कमाल मागणी ८ असताना किरकोळ विक्रेत्याची सरासरी कमाल मागणी १५, घाऊक व्यापाऱ्याची १९, वितरकाची २७ आणि कारखान्याची ३२ पेट्यांवर गेली. खेळाडूंच्या चिठ्ठ्यांवरून त्यांचा निर्णयनियम काढून पाहता असे दिसले की मागवलेल्या पण न आलेल्या मालाचा सरासरी एक तृतीयांशच भाग ते हिशेबात धरत होते.

दरम्यान उद्योगजगत त्याच निष्कर्षाकडे दुसऱ्या वाटेने येत होते. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला आढळले की 'पँपर्स' या लंगोटांची दुकानातली विक्री फारशी हलत नाही, कारण तान्ह्या बाळांची गरज आठवड्यागणिक बदलत नसते. पण वितरकांच्या मागण्या बऱ्याच वरखाली होतात, आणि कंपनीच्या कच्च्या मालाच्या मागण्या त्याहून अधिक. आसुडाची मूठ थोडी हलवली तरी टोक सपकन दूर जाते, या साम्यामुळे त्याला 'बुलव्हिप परिणाम' असे नाव पडले. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ साली त्याची चार कारणे मांडली : मागणीच्या अंदाजावर अंदाज चढवणे, मागण्या साठवून एकगठ्ठा पाठवणे, सवलतींमुळे किमती वरखाली होणे, आणि टंचाईत मुद्दाम जास्त मागणे. त्यांच्या मांडणीचा रोख असा होता की ही सर्व वर्तने त्या त्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचीच आहेत. स्टर्मन यांच्या मते मात्र माणसाची समज विलंबापुढे तोकडी पडते. व्यवहाराच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नाही : पहिली बाजू खरी असेल तर माहिती वाटून घेतली आणि सवलती बंद केल्या की रोग बरा व्हायला हवा.

हा वाद प्रयोगशाळेतच तपासला गेला. रेचेल क्रोसन आणि कॅरन डोनोह्यू यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मागणीचे स्वरूप स्थिर होते आणि खेळाडूंना ते आधीच ठाऊक होते. किमतीचे चढउतार नव्हते, गठ्ठ्याने मागवण्याचे कारण नव्हते, तरीही मागण्या साखळीत वर जाताना फुगतच राहिल्या. सर्वांना एकमेकांचे साठे दाखवल्यावर फुगवटा कमी झाला, नाहीसा झाला नाही. पुढे तर मागणी सदासर्वदा एकच आहे हे सर्वांना सांगूनही हेलकावे आले, कारण आपण शहाणपणाने वागू पण शेजारी वागेल याची खात्री कोणाला नव्हती, म्हणून जो तो थोडा जादा माल बाळगू लागला. या निष्कर्षांनंतर पारडे स्टर्मन यांच्या बाजूला झुकते असे म्हणावे लागते, आणि माहितीची देवाणघेवाण हाच रामबाण उपाय असल्याचा संगणक-विक्रेत्यांचा दावा तोकडा ठरतो.

कळते पण वळत नाही, याचे दाखले वर्गाबाहेरही विपुल आहेत. बरिल्ला या इटालियन पास्ता कंपनीने वितरकांच्या साठ्यावरून आपणच पुरवठा ठरवण्याची योजना आखली तेव्हा वितरकांइतकाच विरोध कंपनीच्या स्वतःच्या विक्रेत्यांनी केला, कारण माल ठासून भरण्यावरच त्यांचे कौतुक अवलंबून होते. सिस्को या जाळेयंत्रणा बनवणाऱ्या कंपनीने २००१ साली सुमारे २२० कोटी डॉलरचा साठा निकालात काढला. तेजीत एकच मागणी अनेकांकडे नोंदवली गेली होती आणि मिचेलने १९२४ साली वर्णिलेली खोटी गर्दी नव्या वेषात आली होती. २०२०च्या वसंतात मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या, आणि मागणी परतल्यावर त्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले, हेही त्याच पठडीतले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला येथे कांद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. भाव चढले की लागवड वाढते, पीक येईतो काही महिने जातात आणि सर्वांचा माल एकदम बाजारात येऊन भाव कोसळतात. विलंब आणि प्रत्याभरण तेथेही आहे. तथापि दोन्ही गोष्टी एकच मानणे चूक ठरेल. कांद्यात शेतकऱ्याला संकेत मिळतो तो भावाचा, आणि तो शेकडो अनोळखी शेतकऱ्यांना एकाच वेळी मिळतो. बिअरच्या पटावर भाव नसतोच, तेथे संकेत असतो तो शेजाऱ्याच्या चिठ्ठीचा. पहिल्या प्रकाराला अर्थशास्त्रात कोळिष्टक-सिद्धान्त म्हणतात, आणि त्याचे उपाय साखळीतल्या उपायांहून वेगळे आहेत.

खेळाच्या प्रसारात एक गोष्ट गळून गेली आहे, आणि ती इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फॉरेस्टरच्या वहीतल्या पानावर कामगारांचा रकाना होता. किंबहुना कामगारांची भरती आणि कपात हेच मूळ कोडे होते. पटावरच्या कारखान्यात मात्र कामगार नाहीत : उत्पादन ३२ पेट्यांवरून शून्यावर आले तरी खर्च फक्त साठ्याचा आणि थकलेल्या मागणीचा लागतो, पाळी बंद करण्याचा लागत नाही. १९९० साली पीटर सेंगे यांच्या 'द फिफ्थ डिसिप्लिन' या लोकप्रिय ग्रंथाने हा खेळ संघटनांच्या चर्चेत आणला, तेव्हापासून तर तो प्रामुख्याने विचारपद्धतीचा धडा म्हणून सांगितला जातो. हा खेळ वर्गात घेणाऱ्या शिक्षकांनी कारखान्याच्या नोंदीच्या कागदावर आणखी एक रकाना आखावा, दर आठवड्याच्या उत्पादनाला किती माणसे लागली असती ते त्यात भरायला लावावे, आणि डाव संपल्यावर खर्चाच्या बेरजेआधी तो रकाना वाचून दाखवावा.